खालची पट्टी

वीज गेलेलीच होती, आणि त्याचं बोरसे सरांना काडीचंही दुःख नव्हतं. रेडिओत घालतात तसल्या नऊ व्होल्टच्या पाच चौकोनी बॅटऱ्या त्यांनी एकीला एक जोडल्या, दोन्ही तारा प्लास्टिकच्या डब्याच्या दोन टोकांना अडकवल्या, आणि डब्यातल्या खारट पाण्यातून बारीक बुडबुडे वर यायला लागले तसा मिशीवरून हात फिरवला. "बघा. धुळ्याची वीज कुणाचंही अडवो, आपलं अडवणार नाही." बारावी सायन्सची चाळीस पोरं टेबलाभोवती दाटीवाटीनं उभी होती. तेवढ्यात सोनगीरकडून रोज एसटीनं येणारा निंबा धापा टाकत दारात आला आणि गर्दीतून वाट काढत सरांच्या कानाशी लागला. "सर, तानुआजी येऊन राहिल्या. माझ्या मागच्या गाडीत बसल्या त्या." सरांनी डब्यावरची नजर काढली नाही. "कशाला?" निंबा घुटमळला. "हे बंद करायला, सर. मी त्यांना सहज सांगितलं होतं, की आज सर तुमची चूळ दाखवणार म्हणून."

सर हलणाऱ्यातले नव्हते. कॉलेजात इन्स्पेक्टर आला तरी त्यांचा तास ठरल्या ठिकाणीच संपे. "येऊ दे," ते म्हणाले, "पुढचं बाक मोकळं करा, बसतील." पण घड्याळाकडे एकदा पाहिलंच. डब्यात बोटभर जाडीची, दुधी काचेसारखी दिसणारी वडी पाण्याखाली पडून होती, तिच्या एका कडेला चार खाचा होत्या, आणि तिसऱ्या खाचेत जे होतं ते तानुबाईचं होतं. खाचेत घातलेला निळा रंग वडीत शिरून पुढे सरकायला लागला होता. रंग नुसता वाट दाखवायला असतो. खरा डीएनए त्याच्या मागेमागे येतो आणि तो दिसत नाही, हे सरांनी पोरांना सांगून ठेवलं होतं. दीड तास तो असाच न दिसता चालणार होता. सोनगीरची गाडी त्याच्या किती तरी आधी येते.

१९९६ सालच्या उन्हाळ्यात पुण्याला जीवशास्त्राच्या शिक्षकांचं शिबिर झालं, तिथे सर हे शिकून आले होते. चूळ भरली की तोंडातल्या पेशी पाण्यात येतात. त्या फोडायच्या, आतला डीएनए मोकळा करायचा, आणि त्याच्या एका ठरावीक तुकड्याच्या यंत्रात लाखो नकला काढायच्या. त्या तुकड्यात एकच अक्षरमाळ पुन्हा पुन्हा येते, कुणात अठरा वेळा, कुणात चोवीस, कुणात तीस. जितक्या जास्त वेळा तितका तुकडा लांब. लांब तुकडा वडीतून रमतगमत जातो, आखूड तुकडा पुढे पळतो. प्रत्येक माणसाकडे असे दोन तुकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. एवढ्या चार वाक्यांत सर ते सांगत, आणि कुठल्याही पोराला ते कळत नसे असं व्हायचं नाही. नकला काढायचं यंत्र काही त्यांच्या कॉलेजात नव्हतं, म्हणून तयार नकला त्यांनी बोटाएवढ्या नळ्यांत घालून, थर्मासात बर्फ ठेवून पुण्याहून आणल्या आणि घरच्या फ्रिजमध्ये, पोरांच्या पेप्सीकोल्याशेजारी ठेवून दिल्या. डबा आग्रा रोडवरच्या नंबरप्लेटवाल्याकडून करून घेतला. "सर, मासे पाळताय का?" त्यानं विचारलं होतं. "हो, फार बारीक मासे," सर म्हणाले होते. वडीची भुकटी आज सकाळीच लॅबमधल्या रॉकेलच्या स्टोव्हवर पातेल्यात शिजवली होती, आणि पोरींनी ते बघून "सर, आमची खीर याच्यापेक्षा बरी होते" असा शेरा मारून झाला होता. पहिल्या खाचेत मोजपट्टी, म्हणजे लांबी माहीत असलेले तुकडे. पुढच्या तीन खाचांत तीन माणसं. "यात एक आई आहे, एक तिचं मूल आहे, आणि एक परका," सरांनी कोडं घातलं होतं, "परका कोण ते तुम्ही मला सांगायचं." परका म्हणजे शिबिरातले त्यांच्या खोलीतले जळगावचे महाजन सर, त्यांनी हसत हसत चूळ दिली होती. मूल म्हणजे सर स्वतः. हे सगळं त्यांनी मोठ्या खुशीत ठरवलं होतं. पुण्यात बाकीच्यांनी आपापल्या वड्या तिथेच चालवून पाहिल्या. सरांनी पाहिली नाही. आपल्या पोरांसमोर पहिल्यांदा बघायची, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि काय निघणार याची त्यांना खात्रीच होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तानुबाईचं बसकं नाक आणि उजव्या भुवईतला भोवरा रोज दाढी करताना त्यांना स्वतःच्याच तोंडावर दिसत होता.

पण आरसा हवा होता, हेही खरंच. सरांचं पूर्ण नाव उखर्डू भाईदास बोरसे. हजेरीपटावर यू. बी. असतं, पण नावाची त्यांना लाज नव्हती. दरवर्षी पहिल्या तासाला ते फळ्यावर अख्खं नाव लिहीत आणि म्हणत, "उकिरड्यावर सापडलेला मास्तर आहे, जपून राहा." मग पोरं हसली की गोष्ट सांगत. तानुबाईची आधीची चार लेकरं वर्ष उलटायच्या आत गेली. पाचवं झालं तेव्हा तिनं गावात अशा वेळी करतात तेच केलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून पोर गावाबाहेरच्या उकिरड्यावर ठेवलं आणि मागे वळून न बघता घरी आली. भागाबाई कुंभारीण आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे तिथे राख टाकायला गेली, आणि "मले पोर सापडनं, मले पोर सापडनं" म्हणून गल्लीभर ओरडत आली. भागाबाईची सहाच्या सहा पोरं धडधाकट, म्हणून तिची निवड. जे पोर कुणी टाकून दिलंय, त्यावर मरणाचा तरी डोळा कशाला जाईल, असा साधा हिशेब. मग भागाबाईनं ते तानुबाईकडे दूध पाजायला दिलं, आणि सांभाळायची मजुरी म्हणून दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, एक नवी घागर तिच्या ओट्यावर आणून ठेवायचं कबूल केलं. पोरांना ही गोष्ट फार आवडे. पुढचं सर सांगत नसत. दुसऱ्या घरांत हा खेळ बारशापुरता, फार तर जावळ काढेपर्यंत असतो, मग आईची आई होते. तानुबाईनं तो बेचाळीस वर्षं मोडला नाही. भागाबाईला माय म्हणायचं आणि मला काकी म्हणायचं, हे तिनं उखर्डूला बोलायला लागल्यापासून शिकवलं, आणि एकदा चुकून तो दुसरं काही बोलला तेव्हा ती शेतातून येऊन तशाच पावली भागाबाईच्या दारी गेली आणि तुझं पोर सांभाळ म्हणून त्याला तिथे सोडून आली.

निळा रंग वडीच्या पाव भागात आला होता. सरांनी पोरांना खुर्च्या-स्टुलांवर बसवलं आणि फळ्यावर अक्षरमाळेची आकृती काढायला घेतली. हात आकृती काढत होता आणि मन भागाबाईच्या पडवीत होतं. नऊ वर्षांचा असताना त्यांना विषमज्वर झाला, तेव्हा तानुबाईनं त्यांना भागाबाईकडे हलवलं. कुंभाराच्या चाकाची घरघर तापात कानात शिरायची आणि थांबायची नाही. रोज संध्याकाळी पायरीवर पितळी ठेवल्याचा आवाज यायचा, आणि मग मोठ्यानं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "भागाबाई, तुना पोऱ्या कसा शे?" भागाबाई आतून सांगायची, "शे बरा." पितळीत ज्वारीची पातळ कढी असायची, वर जिऱ्याची फोडणी. ती भागाबाईच्या हातची नाही हे त्या तापातही त्यांना कळायचं. लग्नात हळद भागाबाईनं लावली. तानुबाई पाहुण्यांच्या पंक्तीत जेवली, आणि पाहुण्यासारखा आहेर करून, नव्या सुनेला नुसता राम राम घालून परत गेली. सगळ्यात जास्त सल कशाचा होता, तर माराचा. चुलतभाऊ मगन याला त्याच्या आईनं एकदा चुलीतलं लाकूड घेऊन गावभर पळवलं होतं. उखर्डू कट्ट्यावर बसून ते बघत होता आणि त्याचा जीव हेव्यानं जळत होता. तानुबाईनं त्याला एक चापट मारली नाही. परक्याच्या पोरावर कोण हात उगारतं?

गेल्या पौषात भागाबाई गेली. सरांनी तिच्यासाठी डोकं तासून घेतलं, दहा दिवस धरले, आणि कॉलेजातले सहकारी भेटायला आले तेव्हा "आई गेली" असं सांगून खरोखरचे रडले. आणि त्या रडण्याच्या तळाशी एक चोरटा आनंदही होता, तो त्यांना त्याच वेळी जाणवला होता. आता तरी. आता खेळातला भिडूच उरला नाही, आता ती म्हणेल. आखाजीला ओट्यावर घागर आली नाही, म्हणून सर स्वतः बाजारातून तांबडी, चांगली भाजलेली घागर घेऊन गावी गेले, ती तानुबाईसमोर ठेवली, आणि म्हणाले, "माय." तानुबाई पन्हाळ्याखाली भांडी घासत होती. तिनं हात धुतले नाहीत, घागर उचलली नाही. "कोनी माय?" ती म्हणाली, "तुनी माय मरी गई." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बेचाळीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप असलेला, जिल्ह्यात नाव असलेला मास्तर घागरीशेजारी उभा राहिला. तिथेच त्यांनी ठरवलं. ठीक आहे, तू म्हणू नकोस, मी दाखवतो. आठवड्यानं पुण्याला जायच्या आधी ते पुन्हा गेले, बाटलीत मिठाचं पाणी घेऊन. "शाळासाठी चूळ पाहिजे," म्हणाले. निंबा तेव्हा ओट्यावरच बसला होता. "शाळासाठी ना?" तानुबाई म्हणाली, "मंग घे," आणि खळखळून चूळ भरून दिली. त्यातून काय निघणार हे तिनं विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही.

ती आली तेव्हा रंग वडीच्या अर्ध्यात होता. हातात कापडी पिशवी, लुगड्याचा ओचा घट्ट खोवलेला, पायात वहाणा नाहीत. दारात थांबून तिनं आधी सगळ्या पोरांकडे एकदा नजर फिरवली, जणू बाजारात कुणाकडून काय घ्यायचं ते ठरवतेय. मग ती सरांशी नव्हे, पोरांशीच बोलली. "पोरेसहो, हाऊ मना आंडोर नही शे. हाऊ भागाबाई कुंभारीनना. मी नुसतं दूध पाजं. बठ्ठा गावले ठाऊक शे." आंडोर म्हणजे मुलगा, हे धुळ्याच्या गल्लीतल्या पोरांनाही सांगावं लागत नाही. कुणी हसलं नाही. निंबा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"काकी, बस," सर म्हणाले, "आजून काही दिसत नही तठे."

"दिसाना पयलेच उनू मी. बंद कर ते."

"हाई शाळानं काम शे, काकी."

"शाळानं कर ना. कोन नही म्हनस? कागदवर लिखी टाक काय लिखनं ते. कागद आसता ते मी उनूच नसतू. कागद कोन वाचस?" तिनं डब्याकडे हात केला. निंबानं तिला बरंच समजावून सांगितलेलं दिसत होतं. "पन रेघ? रेघ ते आडानीले बी दिसस. बेचाळीस वरीस चालनं ना? चालू दे. कसाले उकरस?"

ती कोणत्या अडाण्याबद्दल बोलतेय ते सरांना बरोबर कळलं. मरणाला वाचता येत नाही, म्हणून शाळेच्या दाखल्यावर बाप म्हणून भाईदासचं नाव लावायला तिनं हरकत घेतली नव्हती. पण त्याला दिसतं. बंद करणं काही अवघड नव्हतं. एक तार काढायची, वडी उचलून बादलीत टाकायची, की संपलं. सरांचा हात तारेपर्यंत गेलाही. पण चाळीस पोरं बघत होती, आणि चालू केलेला प्रयोग कुणाच्या भीतीनं टाकायचा नाही हे त्यांनीच त्यांना शिकवलं होतं. शिवाय त्यांना बघायचं होतं. ते आता लपवण्यात अर्थ नव्हता, त्यांना बघायचंच होतं. "काकी, मी तार काढी तरी जे शे ते तठे शेच," ते म्हणाले, "मी नुसता रंग लावसू." तानुबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पुढच्या बाकावर जाऊन पिशवी मांडीवर घेऊन बसली. "मंग मी आठेच बससू. देखू काय निंघस ते."

पुढचा वेळ कसा गेला ते सरांना नंतर नीट आठवत नव्हतं. त्यांनी शिकवलं मात्र चोख. पोरांनी प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली, एकदा विनोदही केला आणि तो लागू पडला. पण तानुबाईची नजर पाठीला लागलेली होती, आणि त्या नजरेखाली एक विचार, जो आयुष्यात कधी आला नव्हता, तो आला. भागाबाईनं उचललं ते पोर तानुबाईनं ठेवलं तेच होतं कशावरून? पहाटेचा अंधार, फडक्यात गुंडाळलेलं पोर, घरी सहा पोरं असलेली बाई. छे, असलं काही नाही. नाकाचं काय, भुवईचं काय? पण नाकं काय, सोनगीरच्या बाजारात शेकड्यानं बसकी नाकं फिरतात. हे सगळं जर खरोखरच तसंच असेल, ती खेळ खेळत नसून सरळ खरं बोलत असेल, तर? सरांना घाम आला. त्यांनी रुमालानं मान पुसली आणि पोरांना वडी रंगाच्या ताटलीत कशी सरकवायची ते दाखवलं.

निळ्या रंगात वडी आधी सगळीच निळी होते. मग तिला साध्या पाण्यात ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, आणि वाट बघायची. जिथे काही नाही तिथला रंग निघून जातो, जिथे डीएनए आहे तिथे धरून राहतो. पोरं वाकून वाकून बघत होती. तिसऱ्या पाण्याला मोजपट्टीची शिडी दिसली. मग चौथ्या खाचेखाली जळगावच्या महाजन सरांच्या दोन पट्ट्या, बऱ्याच पुढे पळालेल्या. मग दोन नंबर. मग तीन. सरांनी ताटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. दोन नंबरची एक पट्टी वर, एक खाली. तीन नंबरची एक मध्येच, एक खाली. आणि दोघांची खालची पट्टी एकाच रेषेत होती, कुणी फूटपट्टी लावून आखावी तशी. इतका आनंद झाला की सरांना खाली बसावंसं वाटलं, पण ते बसले नाहीत.

"दोन आणि तीन!" पोरं ओरडली, "चार परका!" मागून शिट्टीही आली. "बरोबर," सर म्हणाले. "चार परका. दोन नंबर मी आहे. आणि तीन नंबर या." झाडून सगळ्यांची तोंडं पहिल्या बाकाकडे वळली. तानुबाईनं पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, आणि तिचा चेहरा सरांनी असा कधी पाहिला नव्हता. ती पट्ट्यांकडे बघत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत, कुठे काही होतंय का ते बघावं तशी. ती आत्ता, या क्षणी, त्यांच्या पडण्याची वाट बघत होती. तिची चार लेकरं तिच्यासमोर गेली होती आणि ती कशी जातात ते तिला माहीत होतं. सरांनी कितीतरी महिने एक वाक्य तयार ठेवलं होतं. मुलांनो, ही माझी आई. ते तोंडाशी आलेलं होतं. ते त्यांनी गिळलं. बेचाळीस वर्षं ही बाई स्वतःचा घास असाच गिळत आली होती, पायरीवर पितळी ठेवून, पंगतीत पाहुणी होऊन. आणि आपण तिच्याकडे पुरावा मागत होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तिच्यासाठी जीव तुटला.

"आता नीट ऐका," ते पोरांना म्हणाले, "कारण इथेच सगळे चुकतात. ही पट्टी जुळली नसती, तर या माझी आई नाहीत असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं. जुळली, म्हणून आई आहेतच, असं नाही. ही एवढ्या लांबीची पट्टी धुळ्याच्या बाजारात कितीतरी लोकांकडे निघेल, त्यातला कुणी माझी आई नाही. एका जागेवरून 'नाही' म्हणता येतं, 'आहे' म्हणता येत नाही. त्याला अशा दहा-बारा जागा तपासाव्या लागतात, आणि त्या आपण तपासणार नाही." हे शंभर टक्के खरं होतं. एक अक्षरही त्यांनी तिच्यासाठी वाकवलं नव्हतं. पण जास्त सावकाश, जास्त स्पष्ट बोलले असतील.

"म्हंजे सिद्ध नही शे?" तानुबाईनं विचारलं.

"नही, काकी. सिद्ध नही शे."

"हां," ती म्हणाली, आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं सगळ्यांना दिसलं. "मी काय सांगू ऱ्हायनू मंग?" ती उठली, पिशवी काखेत मारली, पोरांना "बसा, शिका" म्हणाली आणि दाराकडे निघाली.

"सर," खिडकीपाशी उभ्या असलेल्या रेशमानं हात वर केला. शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. इथे होस्टेलला राहायची, आणि बोलण्याआधी दोनदा विचार करायची. "पण दोन नंबर तुम्ही आहात ना? मग तुमची वरची पट्टी तीनमध्ये नाहीये. खालची त्यांची असेल, तर वरची तुमच्या वडलांची."

सरांनी ताटली पुन्हा उजेडात धरली. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आलीच नव्हती. इतके महिने खालच्या पट्टीचा ध्यास घेतला होता, आणि वरची नुसतीच तिथे होती. भाईदास गेला तेव्हा ते सात वर्षांचे होते. विहिरीचं काम चालू असताना कडा ढासळला. त्याचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. कुणी फोटो काढला नव्हता. "बरोबर आहे, रेशमा," ते म्हणाले, "वरची त्यांचीच."

तानुबाई दारात थांबली होती. ती परत आली, सरळ खिडकीपर्यंत, आणि पोरं बाजूला झाली. "कोनती?" तिनं विचारलं. सरांनी बोट दाखवलं. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, ते आताही घेतलं नाही. "तेस्नी शे हाई?" "हो, काकी." तिनं डोळे बारीक केले, मान तिरकी केली, आणि ताटलीवर इतकी वाकली की तिच्या श्वासानं पाणी हललं. चिमटीएवढी निळी रेघ. "पस्तीस वरीस व्हयनात," ती कुणालाच उद्देशून नाही असं बोलली. "काहीच नही ऱ्हायनं तेस्नं. पागोटं व्हतं, ते बी कसरनी खादं." पुन्हा बघितलं. आणि मग बाजारात शेंगांचे वाटे लावताना बोलावं तितक्या सहज तिचं बोट वडीवरून वरून खाली आलं. "हाई वरली तेस्नी. आनि हाई खालली मनी."

बोट तिथेच राहिलं, मग तिला आपल्या तोंडून काय गेलं ते कळलं आणि तिनं पदर तोंडाशी नेला. मग तिनं झरकन इकडेतिकडे पाहिलं, स्टोव्हवर पालथं घातलेलं भुकटीचं पातेलं तिला दिसलं, तिनं त्याच्या बुडाला तर्जनी घासली आणि काजळी लावलेलं बोट घेऊन सरांकडे आली. "वाक," ती म्हणाली. यू. बी. बोरसे सर, चाळीस पोरांसमोर, हातातली ताटली तशीच सांभाळत वाकले. ते बोट त्यांच्या उजव्या कानामागे टेकलं, खरखरीत आणि घाईचं, आणि दाबून एक गोल ठिपका काढून गेलं, तान्ह्या लेकराला लावतात तसा. तिचं डोकं त्यांच्या तोंडापाशी होतं, त्याला धुराचा आणि खोबरेल तेलाचा वास होता, आणि सरांनी, फक्त तिला ऐकू जाईल असं, म्हटलं, "माय."

तिनं आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग वर छताकडे.

"धीरे बोल," ती म्हणाली.